मॅक्लिऑडगंजचा नाताळ, मोमोंसकट

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एचआरचा तो ठरलेला ई-मेल येतो. उरलेली रजा ३१ तारखेपर्यंत घ्या, नाहीतर लॅप्स! वर्षभर एकेका दिवसासाठी बॉससमोर तोंड वेंगाडायचं आणि डिसेंबरात रजाच अंगावर धावून येते, हा तुमचा-आमचा सगळ्यांचाच अनुभव. २०२३च्या डिसेंबरात माझ्या खात्यावर नऊ दिवस शिल्लक होते आणि प्लॅन शून्य. गोवा फुल्ल. पुण्यातच थांबावं तर कॅम्पातली चेंगराचेंगरी, मॉलमधला कापसाचा बर्फ आणि ऑफिसातला तो 'सीक्रेट सँटा' (मला सलग तीन वर्षं सुवासिक मेणबत्तीच मिळालीय. देणारा एकच असावा असा संशय आहे). म्हटलं, या वेळी खरीखुरी थंडी असेल तिथे जायचं. झेलम एक्स्प्रेसचं तत्काळ तिकीट मिळालं. दोन रात्री गाडीत काढून पठाणकोटला उतरले, तिथून बसनं धरमशाला आणि मग जीपनं वर मॅक्लिऑडगंज. उंची साधारण दोन हजार मीटर. समोर धौलाधारचा पांढराशुभ्र डोंगर, इतका जवळ की पहिल्यांदा बघताना कुणीतरी मागे पडदा टांगलाय असं वाटतं.

मॅक्लिऑडगंज म्हणजे दलाई लामांचं गाव, शांतता, लाल चिवरातले भिक्षू, वाऱ्यावर फडफडणाऱ्या प्रार्थनेच्या पताका... असं डोक्यात चित्र घेऊन तुम्ही नाताळात येणार असाल तर आधीच सांगते, चौकात पंजाब, हरियाणा आणि दिल्लीच्या गाड्यांचा चक्का जाम असतो. प्रत्येक कॅफेबाहेर लुकलुकणारं ख्रिसमस टी, सॉरी, ट्री, (थंडीत टाइप करताना बोटं अशीच चुकत होती) आणि आतून ब्लूटूथ स्पीकरवर पंजाबी गाणी. भिक्षू मात्र मोजून चार-पाच. हे काय गौडबंगाल आहे ते मला माझ्या घरमालकीणबाईंनी सांगितलं.

त्यांना सगळे 'आमा-ला' म्हणतात. आमा म्हणजे आई आणि 'ला' आपल्या 'जी'सारखं. जोगीवाडा रोडवरून खाली उतरत जाणाऱ्या अरुंद पायऱ्यांवर त्यांचं घर आहे, वरच्या दोन खोल्या त्या भाड्यानं देतात. पायघोळ छुपा, त्यावर पट्ट्यापट्ट्यांचं पांगदेन, त्याच्यावर मरून स्वेटर आणि पायात प्लॅस्टिकचे क्रॉक्स. मी बॅग टेकवली तसं त्यांनी विचारलं, "कहाँ से?"

"पुणे."

एक क्षण त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग एकदम हात कमरेवर, मान तिरकी, भुवया वर. "कितीला? लास्ट बोला ना! नाय, नाय, जास्त होतं!" आणि स्वतःच खो-खो हसत सुटल्या. मी गार! बाहेरच्या थंडीनं झाले नव्हते तेवढी.

आमा-लांनी तब्बल बावीस हिवाळे पुण्यात काढलेत, स्वेटरच्या स्टॉलवर. तुम्हीही ते तिबेटी स्वेटर बाजार पाहिलेच असतील. दिवाळीच्या आसपास ताडपत्र्या उभ्या राहतात, जानेवारीअखेर गायब होतात. लुधियानाहून घाऊक माल उचलायचा, ऑक्टोबरात ट्रेन पकडायची, तीन-चार महिने विकायचा आणि लोसारला, म्हणजे तिबेटी नववर्षाला, घरी परतायचं. निर्वासित तिबेट्यांच्या कितीतरी कुटुंबांचं वर्षाचं गणित या तीन-चार महिन्यांवर चालत आलंय. म्हणून हिवाळ्यात अर्धं गाव रिकामं. उरलेल्यांतले बरेच जण दलाई लामांच्या मागोमाग बोधगयेला. त्या डिसेंबरात ते तिथेच होते. "इधर सिर्फ बूढ़े लोग और टूरिस्ट," आमा-ला म्हणाल्या. गुडघे गेल्यावर त्यांनी पुण्याचा धंदा बंद केला.

"पुणे की लेडीज़ पहले स्वेटर उल्टा करती है. सिलाई देखती है. फिर भाव पूछती है, फिर चली जाती है. फिर आती है." मी ओशाळून हसले. हे माझ्या आईचं वर्णन होतं. शब्दशः.

खाली स्वयंपाकघरात चहाला बोलावलं तेव्हा ते झाड दिसलं. एका भिंतीशी देवघर, दलाई लामांची तसबीर, तिला पांढरा खाता घातलेला, समोर पाण्याच्या सात वाट्या ओळीत. आणि शेजारच्या कपाटावर दोन फुटी प्लॅस्टिकचं ख्रिसमस ट्री, वर चांदणी, खाली कापूस. मी आधी समजले, टूरिस्टांसाठी असेल. पण टूरिस्ट काही त्यांच्या स्वयंपाकघरात येत नाहीत.

उत्तर साधं निघालं. आमा-लांचा मुलगा टोरांटोत असतो, नऊ वर्षं झाली. नात सहा वर्षांची, तिकडेच जन्मलेली. मॅक्लिऑडगंजमध्ये अशी घरं गल्लोगल्ली आहेत. एक पोरगा टोरांटोत, एक पोरगी न्यूयॉर्कात, आणि इथे एक म्हातारी. आता लोसार येतो फेब्रुवारी-मार्चमध्ये, तिबेटी पंचांगाप्रमाणे. २०२३ साली तो २१ फेब्रुवारीला, मंगळवारी आला. टोरांटोत मंगळवारी कोण सुट्टी देतंय? मुलगा शिफ्टवर, सून शिफ्टवर, नात शाळेत. "लोसार में पाँच मिनट फोन करता है, गाड़ी में बैठ के," आमा-ला म्हणाल्या. तिघंही एकाच वेळी घरात असण्याचा वर्षातला हमखास दिवस एकच, २५ डिसेंबर. म्हणून मग या बौद्ध घरात नाताळ होतो. मोमो त्याच दिवशी वळले जातात, दोन्हीकडे, फोन समोर ठेवून.

मला एकदम आमच्या घरची दिवाळी आठवली. भाऊ सिअॅटलला. पाडव्याला आई चौरंगावर टॅब्लेट ठेवते आणि त्याला ओवाळते. स्क्रीनला कुंकू लागतं म्हणून हल्ली नुसत्या अक्षता. आम्ही हसतो तिला. या वर्षी हसले नाही.

२५ची सकाळ मी चर्चसाठी राखून ठेवली होती. निघताना आमा-लांनी हातात दहाची नोट कोंबली, "मेरे नाम का भी एक मोमबत्ती." चौकातून फोरसिथगंजच्या रस्त्यानं उतारावर चालत निघायचं. अर्ध्या तासाच्या आत देवदारांच्या गच्च राईत दगडी चर्च दिसतं, सेंट जॉन इन द वाइल्डरनेस. अरण्यातला योहान! १८५२ सालचं हे चर्च खरंच अरण्यात आहे, नावाला जागून. सूर्य झाडांमधून गाळून येतो, आणि आतल्या रंगीत काचांवर पडला की जमिनीवर निळे-लाल ठिपके. या काचा लेडी एल्गिननं नवऱ्याच्या स्मरणार्थ दिल्या. नवरा म्हणजे लॉर्ड एल्गिन, भारताचा व्हाइसरॉय. १८६३च्या नोव्हेंबरात धरमशालेत वारला आणि इथेच, चर्चच्या आवारात, पुरला गेला. या थडग्यासमोर बरेच जण फोटो काढून पुढे सरकतात, पण मी जरा रेंगाळले. कारण हा तोच एल्गिन, ज्याच्या हुकमावरून १८६० साली इंग्रजी फौजांनी पेकिंगमधला चिनी बादशहाचा उन्हाळी महाल जाळला. आणि त्याच्या थडग्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर शंभर वर्षांनी येऊन राहिले कोण, तर चीनमुळे देश सोडावा लागलेले तिबेटी. इतिहासाला विनोदबुद्धी असते, पण ती जरा कडू असते.

४ एप्रिल १९०५ला कांगड्याचा भूकंप झाला. वीस हजारांच्या आसपास माणसं गेली, हे सगळं गाव भुईसपाट झालं. चर्चचा मनोरा पडला, पण बाकी इमारत टिकली. नवी घंटा १९१५मध्ये लंडनहून आली, ती आता मनोऱ्याऐवजी अंगणातच बसवलीय. भूकंपानंतर इंग्रजांनी इथून जवळजवळ काढताच पाय घेतला, ४७ साली उरलेलेही गेले, आणि गाव ओस पडलं. मग ते पुन्हा वसलं कसं? इथे एका पारशी बाबांचा हात आहे. नौरोजी कुटुंबाचं दुकान या चौकात १८६० साली सुरू झालं. दलाई लामा १९५९ला भारतात आले, मसुरीत राहिले, सरकार त्यांच्यासाठी जागा शोधत होतं. तेव्हा या दुकानाच्या मालकांनी, एन. एन. नौरोजींनी, आमचं गाव रिकामंच आहे, इथे आणा असं सरकारकडे सुचवलं. १९६०च्या एप्रिलअखेर दलाई लामा इथे पोचले. एका दुकानदारानं गिऱ्हाईक नाही म्हणून अख्खं गाव वसवलं, असं म्हणायला काय हरकत आहे?

प्रार्थना छोटीशीच होती. बाकांवर स्थानिक ख्रिस्ती कुटुंबं, मागे माझ्यासारखे शाली-टोप्यांतले आगंतुक. हिंदीतली गाणी, ढोलकीवर. शेवटी कागदाच्या कपातून चहा आणि केकचा तुकडा. शेजारच्या काकूंनी केकचा दुसरा तुकडा आग्रहानं दिला आणि "घर से दूर हो?" असं विचारलं. एवढंच. आमा-लांची मेणबत्ती लावली. माझीही एक लावली, सीक्रेट सँटाच्या नावानं.

दुपारी तीनला मोमोंचा कारखाना सुरू झाला. आमा-ला, शेजारची एक आचा-ला म्हणजे ताई, वरच्या मजल्यावरचा टॅक्सी चालवणारा गद्दी मुलगा आणि मी. मोमो हा मुळात एकट्यानं करायचा पदार्थच नाही. आपण रस्त्यावर साठ-सत्तर रुपयांना प्लेट घेतो म्हणून तो फास्ट फूड वाटतो, पण तिबेटी घरात मोमो म्हणजे रविवार, पाहुणे, सण. घरात हात जास्त असतील तो दिवस.

पाऊण किलो मटण आमा-लांनी स्वतः सुऱ्यानं बारीक केलं. खिमा आणायचा नाही म्हणे, यंत्र मटणातलं पाणी पिऊन टाकतं. त्यात जवळजवळ तेवढाच कांदा, बारीक चिरलेला. आलं, लसूण, कोथिंबीर, मीठ, पळीभर तेल. आणि अर्धी वाटी पाणी! माझा चेहरा बघून त्या म्हणाल्या, "यही तो रस है." हे पाणी मटणात मुरतं आणि वाफेवर आतल्या आत सूप होतं. शेवटी एका डबीतून काढून काहीतरी कुटून घातलं. वास घेतला आणि मी थेट कोकणात. तिरफळ? अगदी तिरफळ नव्हे, पण त्याच कुळातलं. तिबेटीत त्याला येर्मा म्हणतात, चिनी जेवणातली सिचुआन मिरी ती हीच. जिभेवर तशाच मुंग्या येतात. बांगड्याच्या आमटीतली ओळखीची बाई हिमालयात भेटावी, तसं झालं.

तिबेटात हे सारण याकच्या मांसाचं, आणि त्यात मसाला जवळजवळ नाहीच. तिथे भाज्या कमी, मिरची तर फारच लांबची गोष्ट. कोबीचे मोमो आणि ती डोळ्यांतून पाणी काढणारी लाल चटणी, ही बरीचशी हिंदुस्थानची देणगी. मी विचारलं, "और तंदूरी मोमो?" आमा-लांनी सुरा खाली ठेवला. काही बोलल्या नाहीत. मेयॉनीजचं मी विचारलंच नाही.

मैदा नुसत्या पाण्यात घट्टसर मळून अर्धा तास झाकून ठेवायचा. मीठ नाही, तेल नाही. मग छोट्या पुऱ्या लाटायच्या, पण सगळीकडून सारख्या नाहीत. मध्ये जाड, कडेला पातळ. तळ जाड नसला तर सूप गळतं, आणि कडा जाड राहिली तर चुण्या एकत्र येतात तिथे पिठाचा कच्चा गोळा दाताखाली येतो. आमा-ला लाटणं पुरीच्या मध्यापर्यंत नेतच नव्हत्या, एका हातानं पुरी फिरवत फक्त कडेकडेनं लाटत होत्या.

आता खरी गंमत. मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, हे मला येणार, आमच्याकडे मोदक असतात. आणि माझे पहिले पाच मोमो उकडीच्या मोदकासारखेच झाले. वर नाक काढलेले, पोट उघडं! कारण दोन्हींची चाल वेगळी आहे. मोदकाला आधी गोल सगळ्या कळ्या पाडून घ्यायच्या आणि मग त्या एकत्र मिटायच्या. उकड ताणली जात नाही, म्हणून तसं करावं लागतं. मैदा ताणतो. त्यामुळे मोमोत अंगठा एका जागी स्थिर ठेवायचा आणि तर्जनीनं एकेक चुणी आणून त्याला चिकटवत जायची. पुरी फिरते, अंगठा हलत नाही, आणि शेवटची चुणी पहिलीला भेटली की तोंड आपोआप बंद. सोपं? तेराव्या मोमोला जमलं. गद्दी मुलानं तोवर अर्धचंद्राच्या आकाराचे तीस उरकले होते. त्याला गोल येत नाहीत, आणि त्याची त्याला काही लाज नाही.

गॅसवर तीन मजली अॅल्युमिनियमचं भांडं. तळाच्या पाण्यात हाडं टाकलेली, म्हणजे वर मोमो वाफेवर आणि खाली सूप, एकाच गॅसवर. जाळीला तेल पुसायचं, नाहीतर तळ तिथेच राहतो. मटणाला बारा ते पंधरा मिनिटं, नुसत्या कोबीचे असतील तर दहा पुरतात. ओल्या बोटानं स्पर्श करायचा, चिकटलं नाही की झालं. मात्र पहिली खेप गॅसवर गेली आणि आमा-लांनी एकदम सगळ्यांचे हात थांबवले. "बस. बाकी सात बजे के बाद."

साडेसातला फोन. टोरांटोत तेव्हा सकाळचे नऊ. साखरेच्या बरणीला टेकवून मोबाइल उभा केला. पहिली दहा मिनिटं नेहमीचीच, आवाज येतोय का, चेहरा अडकला, परत लावतो. मग लागला. पलीकडे मोठं पांढरं स्वयंपाकघर, बर्फाच्या उजेडानं भरलेली खिडकी, त्यांचं झाड आमच्यापेक्षा तिप्पट उंच. मुलगा पुऱ्या लाटतोय, सून भरतेय, आणि स्टुलावर उभी राहून नात. लाल फ्रॉक, डोक्यावर रेनडिअरची शिंगं. तिच्या हातातला मोमो म्हणजे नुसती पोटली. तिनं तो कॅमेऱ्याला इतका जवळ नेला की आमच्याकडे सगळं पांढरं झालं.

"किनारा पतला," आमा-ला म्हणाल्या. मग तिबेटीत काहीतरी. नातीनं इंग्लिशमध्ये उत्तर दिलं. मुलानं मध्ये पडून दोन्हीकडचं भाषांतर केलं. आमा-लांनी आपला अंगठा कॅमेऱ्यासमोर धरला आणि दुसऱ्या हातानं एकेक चुणी सावकाश घातली, आठ वेळा तरी. पलीकडे ती बघून बघून करत होती. एकदा फाटलं. एकदा सारण बाहेर. तिसऱ्या खेपेला तोंड मिटलं, वाकडंतिकडं, आणि दोन्ही खंडांत टाळ्या पडल्या. गद्दी मुलानं शिटी मारली.

शेवटी मुलानं विषय काढला. कागद पुन्हा भरूया, मार्चमध्ये. इथल्या बहुतेक तिबेट्यांकडे पासपोर्ट नसतो. भारत सरकार देतं ते पिवळं आयडेंटिटी सर्टिफिकेट घेऊन व्हिसा मागायचा. आमा-लांना एकदा मिळाला नव्हता. मुलगा समजावत होता, आमा-ला वाफेकडे बघत होत्या. मग त्या म्हणाल्या, झाकण उघड, तुझे जास्त शिजतील.

फोन बंद झाल्यावर आम्ही जेवलो. मोमोला कडेनं छोटं भोक पाडायचं, आधी रस ओढून घ्यायचा, मग उरलेला तोंडात. घाई केलीत तर टाळू भाजलीच म्हणून समजा. सोबत टोमॅटो आणि सुक्या लाल मिरचीचं सेपेन. मी एकोणीस खाल्ले. (मोजले गद्दी मुलानं, मी नव्हे.)

भांडी घासताना मी विचारलं, जाणार का? आमा-लांना चार-पाच वर्षांच्या असताना आईनं पाठीशी बांधून डोंगर ओलांडला होता, आई-वडलांनी हिमाचलात रस्त्याच्या कामावर दगड फोडले. एकदा देश सोडला तो तिबेट. दुसऱ्यांदा सोडायचा तर हा. रोज पहाटे त्या देवळाभोवतीच्या वाटेनं कोरा करतात, प्रदक्षिणा. ती तिकडे कशाभोवती घालणार? हे सगळं त्यांनी नाही सांगितलं, तुकड्या-तुकड्यांनी मला आधीच कळलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "बच्ची ने मेरा पैर कभी देखा नहीं. उसको लगता है दादी इधर तक ही होती है." आणि साबणाचा हात छातीपाशी आडवा धरून दाखवला.

पुण्यात परतल्यावर ३१च्या रात्री पार्टीला न जाता मी मोमो केले. आई म्हणाली, मटणात पाणी घालतात होय? आणि मग स्वतःच कांदा चिरायला बसली. येर्मा संपल्यावर तिरफळं वापरली, चालतात, पण बी काढून, आणि अगदी एखाद-दुसरंच. चाळणीत उकडले, अकरा जमले, चार फुटले. जमलेल्यांचा फोटो आमा-लांना पाठवला. दोन मिनिटांत व्हॉइस मेसेज आला. मागे टीव्हीचा आवाज, आणि त्यावरून त्यांचा.

"किनारा मोटा है. फिर से."